मैत्रिणीवर ठोकलेला दावा

कोर्टाची पायरी चढायची तयारी मी आयुष्यात एकदाच केली, आणि तीही इथे इंग्लंडमधल्या माझ्या एकुलत्या एका जिवलग मैत्रिणीविरुद्ध. माझी काहीच चूक नव्हती, असं मी तेव्हा ठणकावून सांगत होते. आजही राग आला की थोडंफार सांगते.

ती नागपूरची, मी पुण्याची. तिचा नवरा हॉस्पिटलात डॉक्टर, माझा ब्रॅकनेलच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरवाला. दोघी नवऱ्यांच्या व्हिसावर आलेल्या आणि घरी बसून वैतागलेल्या. लेस्टरला साड्यांच्या खरेदीला निघालेल्या कोचमध्ये आम्ही शेजारी बसलो. लेस्टर येईपर्यंत तिने माझी सगळी कुळकथा काढून घेतली, आणि परतीच्या वाटेवर म्हणाली, "आपण दोघी मिळून काहीतरी करू ना गं. मी बोलीन, तू लिही." तिला एका प्रवासात मी इतकी कळले होते.

आमच्याकडून अर्ध्या तासावर लष्कराची एक वसाहत होती. एकसारखी विटांची घरं, प्रत्येकापुढे हिरवळीचा तुकडा. सैनिकांच्या कुटुंबांची ही घरं सरकारने एका खाजगी कंपनीकडे सोपवली होती आणि कंपनी रोजची कटकट छोट्या लोकांकडे सोपवत होती. त्यातल्या पन्नासेक घरांची कटकट आम्ही मिळवली. किल्ल्या सांभाळायच्या, गळके नळ दुरुस्त करून घ्यायचे, आणि बदली झालेलं कुटुंब घर सोडताना खोलीनखोली तपासायची. ह्या तपासणीला तिथे मार्च-आउट म्हणतात. भिंतीवरचा ओरखडा, गालिच्यावरचा डाग, ओव्हनमधली काजळी, सगळं तक्त्यात भरायचं. मी तर पडद्यांचे हुकसुद्धा मोजायचे. ती दारात उभी राहून म्हणायची, "अगं बाई, हुक काय मोजून राहिलीस? नवरा त्यांचा इराकमध्ये आहे."

"यादीत अठ्ठेचाळीस आहेत. इथे सत्तेचाळीसच आहेत," मी म्हणायची.

पार्टनरशिपचा करार मीच लिहिला होता. दोन पानी. त्यातलं माझं लाडकं कलम असं होतं की कुणीही दुसरीला न सांगता घराच्या नोंदीत फेरफार करायचा नाही. सही करताना तिने ते वाचलंही नव्हतं. तिचं लक्ष मी आणलेल्या खारी बिस्किटांकडे होतं.

चार वर्षं बरी गेली. मग एक दिवस कंपनीचा इन्स्पेक्टर अचानक आला आणि एकोणीस नंबरच्या घराची बेल वाजवली. आमच्या नोंदीप्रमाणे ते घर प्लास्टरच्या कामासाठी रिकामं होतं. दार एका बाईने उघडलं. आत टेबलावर तिची मुलगी वह्या पसरून बसली होती. त्या बाईचं आणि तिच्या सार्जंट नवऱ्याचं फाटलं होतं. नवऱ्याशी नातं तुटलं की लष्कराचं घरही सोडावं लागतं, आणि तिची मुदत संपली होती. मुलीची परीक्षा मात्र अजून व्हायची होती. माझ्या मैत्रिणीने परीक्षा होईपर्यंत घराच्या भिंती कागदोपत्री आजारी पाडल्या होत्या. मला एका शब्दाने न सांगता.

परीक्षेपुरतं त्या दोघींना राहू दिलं, पण आम्हाला कंपनीचं कडक पत्र आलं. कारभार सुधारा, नाहीतर पुढचं कंत्राट विसरा. माझं डोकं सटकलं. मी तिला म्हटलं, तू व्यवस्थापनातून बाजूला हो, घरी बस. ती म्हणाली, "मी बाजूला होणार नाही. ती पोरगी कुठं जाणार होती?" मी म्हटलं, हा आपला प्रश्नच नव्हता. त्यावर ती जे म्हणाली ते लिहिण्याजोगं नाही, आणि मी जे म्हटलं ते तर मुळीच नाही. पंधरा दिवसांनी मी सॉलिसिटर गाठला आणि कौंटी कोर्टात दावा ठोकला. तिने करार मोडला आहे, तिला कारभारातून दूर करावं. तिनेही वकील केला आणि उलट दावा आणला की मी धंदा बळकावते आहे. आता दोघींपैकी एकच राहणार, हे उघड होतं.

माझ्या जबानीत मी तिच्या चुकांची यादी दिली होती. एकोणीस नंबर तर होताच. शिवाय बावीस नंबरची किल्ली. दीड वर्षापूर्वी तिने ती हरवली होती, आणि तान्ह्या बाळासकट आलेलं एक कुटुंब सामानाच्या ट्रकपाशी भर पावसात दोन तास ताटकळत उभं राहिलं होतं. त्यांचं तक्रारपत्र मी जपून ठेवलं होतं, ते जोडलं. आणि शेवटी लिहिलं की तिचे तपासणीचे कागद भलभलत्या गिचमिडीने भरलेले असतात.

मग दोन्ही बाजूंनी आपापले सगळे कागद एकमेकींना दाखवायची वेळ आली. तिच्याकडून एक जाड गठ्ठा आला. तिने हाताने भरलेले तपासणीचे तक्ते होते ते. इंग्रजी रकाने रकान्यांच्या जागी, आणि समासात बारीक अक्षरात मराठी. माझा सॉलिसिटर खुशीत आला. "ती नोंदींमध्ये काय लपवत होती, ते ह्यात असणार," तो म्हणाला. "अधिकृत भाषांतर नंतर करून घेऊ. आधी तुम्ही एक कच्चं करून द्या."

नवरा ऑफिसला गेला की मी डायनिंग टेबलावर गठ्ठा उघडून बसायची. मैत्रिणीचं अक्षर शत्रूसारखं वाचायचं ठरवलं होतं. पहिल्याच पानावर होतं, "घर सात. गालिच्यावर डाग. बाळाने ओकलंय. लिहिला नाही, व्हिनेगर लावून काढला." पुढे, "घर चाळीस. मागच्या कुंपणाशी पोरींनी गिनीपिग पुरलंय. माळ्याला तिथे खणू नको म्हटलं." मग, "घर एकतीस. ओव्हन आरशासारखा. बाई म्हणे सहा वर्षांतलं चौथं घर. चहा दिला तर कप घेऊन रडत बसली. ओव्हन छान आहे असं दोनदा सांगितलं." मी मुकाट्याने इंग्रजी करत होते. मधूनमधून मीही भेटत होते. "आज मॅडमनी पुन्हा हुक मोजले. पंधरा मिनिटं लेक्चर. उपाशी होती, घरी गेल्यावर खाल्लं का ते विचारायचं." मला राग आला, हसूही आलं. तिने त्या संध्याकाळी फोन केला होता का, ते आठवेना. बहुतेक केला असणार, ती रोजच करायची.

तिसऱ्या दिवशी बावीस नंबरचा कागद आला.

"किल्ली द्यायला आले. बॉयलरवरची गॅस-तपासणीची तारीख उलटून गेलीय. हिने काल 'तपासणी झाली' म्हणून सही केलीय. हिची आई चार दिवस आयसीयूत, तरी ही कामाला येऊन राहिली. डोकं ठिकाणावर कसं असेल. ट्रक बाहेर आलाय, बाळ आहे. किल्ली हरवली म्हणून सांगितलं. गॅसवाल्याच्या हातापाया पडून त्याला बोलावलं, मागच्या दाराने आत घेतलं. दोन तास. बॉयलर खराब निघाला, विषारी गॅस सोडत होता. दुरुस्त करून घेतला. बाई खूप चिडली, चिडू दे. हिला सांगायचं नाही."

मी खुर्चीतून उठले आणि किचनमध्ये जाऊन नुसती उभी राहिले. त्याच आठवड्यात तिकडे पुण्यात आई वारली. मला विमान मिळालं तेव्हा सगळं उरकलं होतं. त्या दिवसांत मी कुठे सही केली, काय तपासलं, मला काही म्हणजे काही आठवत नाही. त्या घरात ते बाळ झोपलं असतं. आणि ती किल्ली मी तिच्याविरुद्ध जबानीत घातली होती.

पुढे मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. भाषांतराच्या कागदावर मी लिहिलं, "घर बावीस. किल्लीला उशीर. गॅसचे काम करून घेतले." बाकीचं गाळलं. दोन दिवस ते तसंच राहू दिलं. तिच्या वकिलाला मराठीचा गंध नव्हता, आणि तिने त्याला सांगितलं नव्हतं हेही उघड होतं, नाहीतर माझ्या तोंडावर फेकलं गेलं असतं. दोन दिवस मी नवऱ्यावर आणि भांड्यांवर डाफरत राहिले. तिसऱ्या दिवशी तो कागद फाडला आणि शब्दन् शब्द नीट लिहिला, माझ्या सहीसकट.

सॉलिसिटरने तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, "ह्याने तुमचा दावा संपतो, हे तुम्हाला कळतंय ना?" मी म्हटलं, मला दावा मागेच घ्यायचाय. त्याने सगळं रीतसर होईपर्यंत तिच्याशी बोलू नका असा सल्ला दिला. मी हो म्हटलं आणि गाडी थेट तिच्या घराकडे वळवली.

तिने दार उघडलं. हातात लाटणं होतं. "वकिलाने तुझ्याशी बोलायचं नाही सांगितलंय," ती म्हणाली.

"मलाही."

"मग?"

"बावीस नंबरचं का नाही सांगितलंस त्याला? तू जिंकली असतीस."

तिने लाटण्यावरचं पीठ पदराला पुसलं. "तुझी आई गेली त्या आठवड्याचं होतं गं ते. ते काय कोर्टात वाचून दाखवायचं? मी तो कागद काढूनच ठेवणार होते. पण वकील म्हणाला, एकही कागद लपवायचा नाही, रूल आहे. म्हटलं, जन्मात एकदा तरी रूल पाळावा."

मी तिथेच दाराच्या पायरीवर बसले आणि रडले. आईसाठी मी नीट अशी रडलेच नव्हते. पुण्याला नातेवाइकांना चहा करत राहिले, आणि इकडे येऊन हुक मोजत राहिले. ती शेजारी बसली. पिठाच्या हाताने माझी पाठ थोपटत राहिली. मला तिची किती आठवण येत होती, ते मी तिला तेव्हा सांगून टाकलं. दावा मागे घेतेय, हेही सांगितलं.

पण मी पडले पुण्याची. डोळे पुसल्यावर म्हणालेच, "तरी एकोणीस नंबरचं तू मला विचारायला हवं होतंस."

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

त्या वेळी 'हो म्हटलं असतं' असं म्हणणं किती सोपं होतं. पण समोर ती होती.

"नाही म्हटलं असतं," मी म्हणाले.

"ठाऊक होतं मला. म्हणून तर नाही विचारलं," ती म्हणाली. "तू नाही म्हटलं असतंस, ती पोरगी परीक्षेला बसली नसती, आणि मग जन्मभर तूच स्वतःला खात बसली असतीस."