चिंधी सोडायची नाही

एडी गाउलंड भीती माहेराहूनच घेऊन आली होती. तिचा बाप स्कारहोपच्या कोळशाच्या खाणीत गेला आणि छत कोसळून तिथेच राहिला, तेव्हा नऊ वर्षांची एडी चुलीपुढे त्याचेच मोजे वाळत घालत होती. पुढे लग्न झालं तेही खाणकामगाराशीच, विल्फशी. स्कारहोपमध्ये दुसरा नवरा मिळणार कुठून? विल्फ पाळीवर गेला की त्याचा चहाचा कप ती धूत नसे. तो परत येऊन दारात बूट आपटेपर्यंत कप टेबलावर तसाच, तळाशी चहाची पत्ती सुकलेला.

विल्फ चारचौघांत तिची टर उडवायचा. "आमची एडी मेली ना, तरी आतून शवपेटीला हात लावून बघेल, झाकण नीट बसलंय का म्हणून!"

"हस, हस," एडी म्हणायची. "तुझं झाकण बसवायला मीच असेन." पण कप मात्र धुवायची नाही.

त्या घरात दोन कुत्री होती आणि त्यांवरून रोज वाद होता. डचेस विल्फची. फिकट राखी रंगाची, व्हिपेट जातीची शर्यतीची कुत्री, अंगावर बरगड्या मोजाव्यात, पाय म्हणजे विणायच्या सुया. तिला मटणाचं सूप, कच्चं अंडं, थंडीत लोकरीचा अंगरखा. मुलगी डोरीन चरबी लावलेला पाव खात असायची आणि कुत्री अंडं. मॉस एडीचा. कल्हई करत गावोगाव फिरणाऱ्या एका बाईकडून एडीने जुन्या कोटाच्या बदल्यात घेतलेलं पिल्लू. आई ग्रेहाउंड, बाप मेंढपाळाचा कॉली. अशा मिश्र कुत्र्याला तिथे लर्चर म्हणतात, आणि म्हणताना नाक जरा मुरडतात.

स्कारहोपची शर्यत चिंधीची. मैदानाच्या एका टोकाला नेड पॅटिसन कुत्र्याचं मानगूट आणि शेपटीचं मूळ धरून उभा राहायचा. तसा कुत्रं फेकणारा माणूस पंचक्रोशीत नव्हता. दोनशे यार्डांवर मालक चिंधी फडफडवत "हे-हे-हे!" असं बेंबीच्या देठापासून ओरडायचा. पिस्तूल वाजलं की नेड कुत्रं पुढे भिरकावायचा आणि ते जे सुटायचं ते थेट चिंधीत दात रुतवूनच थांबायचं. मालकाने त्याच्या वेगासकट गरकन फिरायचं, नाहीतर हात निखळलाच म्हणून समजा. आणि नियम एकच. काही झालं तरी चिंधी सोडायची नाही. कुत्र्याच्या दातात जाण्याआधी एकदा जरी हातातून सुटली, तरी कुत्रं कायमचं नासतं. धावून हाती काही लागत नाही, हे त्याला कळतं.

मॉसला हे कधी जमलंच नाही. पळायचा बरा, पण चिंधीपासून हातभर अंतरावर येऊन थबकायचा आणि चिंधी धरणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा. मैदानालगतच्या भाजीच्या वाफ्यांपाशी बसलेल्या पुरुषांना हसायला तेवढंच निमित्त.

"विल्फ, तुझ्या बायकोचा कुत्रा परवानगी मागतोय रे!" नेड ओरडायचा. "घेऊ का बाई चिंधी, म्हणून विचारतोय!"

"त्याच्यात बाप बोलतो ना," विल्फ म्हणायचा. "मेंढरं हाकणारी अक्कल. शर्यतीच्या कुत्र्याला अक्कल म्हणजे लंगड्या पायासारखी."

"अक्कल नसलेला एक आहे की घरात," एडी म्हणायची. "दोन कशाला?"

हसणं हसण्याजागी. पण मागल्या हिवाळ्यात डचेससाठी चिंधी धरताना एडीचं फिरणं अर्ध्या क्षणाने चुकलं होतं, आणि एकोणीस पौंडांच्या त्या कुत्रीने तिला सपशेल पाठीवर पाडलं होतं. मनगट महिनाभर सुजलेलं. तेव्हापासून तिने विल्फला बजावून ठेवलं होतं, "डोरीनच्या हातात चिंधी द्यायची नाही. सात वर्षांची आहे ती. डचेस थांबत नाही, विल्फ. तिच्यात थांबणं नाहीच."

"नाही देत, बाई, नाही देत."

जूनमधला रविवार होता. एडीने भट्टीत मांस सारलं, बटाटे सोलायला घेतले आणि सहज दाराकडे पाहिलं, तर खुंटीवर डोरीनची गवती टोपी. चर्चमधल्या रविवारच्या शाळेला म्हणून गेलेली पोर टोपी घातल्याशिवाय जायची नाही. तिने दार उघडलं. समोरची गल्ली दिसेना. समुद्रावरून धुकं चढलं होतं, दुधावर साय धरावी तसं, दिवसाढवळ्या. मैदान समुद्राच्या कड्यावर. मैदानाच्या उजव्या कडेला काटेरी झुडपांची एक रांग, आणि रांगेपलीकडे काहीच नाही. शंभर फूट खाली दगड आणि पाणी.

ती अॅप्रनसकट धावली. मॉस तिच्या टाचेशी.

मैदानाच्या अलीकडल्या टोकाला विल्फ आणि नेड उभे. नेडच्या हातात डचेस, थरथरणारी. पाच पावलांपलीकडे भिंत घातल्यासारखं पांढरं.

"डोरीन कुठंय?"

विल्फचा चेहरा पडला. "दुपारच्या शर्यतीआधी एकदा पळवून बघावं म्हटलं. ती टोकाला गेली आणि हे धुकं उतरलं. हाका मारतोय मघापासून. ओ देते, पण... आवाज हलतोय गं."

"चिंधी तिच्याकडं?"

विल्फने मान खाली घातली.

तेवढ्यात धुक्यातून आवाज आला, बारीक, रडकुंडीला आलेला. "बाबा! मी येते!" आवाज समोरून नव्हता. उजवीकडून होता. समुद्राकडून.

"जागची हलू नकोस!" एडी किंचाळली. "डोरीन! खाली बस! एक पाऊल टाकू नकोस!"

"आई? तू कुठंयस?"

"डचेसला सोडतो," विल्फ घाईघाईने म्हणाला. "ती चिंधी शोधेल. हा-हा म्हणता पोचेल. नेड, धर नीट—"

"हात लावून बघ त्या कुत्रीला!" एडीने त्याची कॉलर धरली. असं तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं. "कड्यावर आहे ती पोर! डचेस अंगावर आदळली तर? मला पाडलं होतं तिने, मला!"

नेड जन्मभर कुत्री फेकत आलेला. त्याने डचेसला छातीशी घट्ट धरलं. "बाई बरोबर बोलते, विल्फ," तो हळूच म्हणाला. "ही थांबायची नाही."

एडी मॉसपाशी वाकली. त्याचे कान हातात धरले. "डोरीन," ती म्हणाली. "जा. डोरीन कुठंय?" मॉसने तिच्या तोंडाकडे पाहिलं, जसा नेहमी पाहायचा. मग नाक गवताला लावून धुक्यात शिरला. धावत नाही, चालत. एडीला वाटलं, अरे धाव ना मेल्या. आणि लगेच वाटलं, नको, धावू नकोस.

किती वेळ गेला कोण जाणे. मग एकदाच भुंकणं आलं.

"आई, मॉस आलाय! जवळ नाही येत. हातभरावर थांबलाय."

"त्याच्या मानेला मिठी मार. बसलीस का?"

"बसले. आई, इथं गवत संपतंय."

विल्फच्या तोंडून कसलासा आवाज फुटला. एडीने डोळे मिटले. उघडले. चिंधी पोरीच्या हातात होती तोवर धोका टळला नव्हता. डचेस नेडच्या हातात मासोळीसारखी उसळत होती.

"डोरीन, ऐक. चिंधी टाकून दे. लांब टाक."

मग आवाज आला, हट्टी, थेट बापासारखा. "बाबा म्हणतात चिंधी सोडायची नाही."

"मी सांगते, सोड!"

"पण डचेस नासेल ना!"

एडी विल्फकडे वळली. "तू सांग. तुझंच ऐकेल ती." विल्फचे ओठ हलले, शब्द निघेना. सात वर्षं त्याने पोरीच्या कानात तो नियम ओतला होता. तोच आता घशात अडकला होता. एडीने त्याच्या पाठीत मूठ मारली, जोरात.

"सोड!" विल्फ ओरडला. "डोरीन, बाबा सांगतोय, चिंधी सोड! फेक!"

पोरीने फेकली. पण चिंधी हलवायची म्हणजे ओरडायचं, एवढंच तिला शिकवलेलं. फेकता फेकता तिच्या तोंडून सवयीने निघालं, "हे-हे-हे!"

नेडच्या हातात नुसते केस राहिले. डचेस गेली. दिसलीच नाही, गवतावर पावलांचा आवाज, ढोलकीवर बोटं पडावीत तसा, लांब जाणारा. एडी ओरडली, पण तिचं ओरडणं तिलाच ऐकू आलं नाही. पावलं कड्याशी पोचली. आणि मग काही नाही. आदळल्याचं नाही, रडल्याचं नाही.

एडी गुडघ्यांवर, हातांवर रांगत गेली, बोटांनी गवत चाचपत. मॉस पुन्हा भुंकला नसता तर पोर सापडली नसती. डोरीन त्याच्या मानेत तोंड खुपसून बसली होती, आणि तिच्या बुटांपुढे हातभर गवत होतं. त्यापलीकडे, कड्याबाहेर वाकलेल्या झुडपाच्या टोकाला चिंधी लटकत होती. फांदीवरून नुकतंच काहीतरी गेल्यासारखी हलत होती.

ओहोटी लागल्यावर विल्फ खाली गेला. दुपारी धुकं उठलं तेव्हा तो आपल्या कोटात काहीतरी गुंडाळून वर आला, आणि शर्यतीला जमलेल्या माणसांनी टोप्या काढल्या. नेडने भाजीच्या वाफ्याशेजारी खड्डा खणला.

डोरीनने जेवणाला हात लावला नाही. "आई, मी चिंधी सोडली म्हणून डचेस गेली ना?"

एडीला खोटं बोलायचं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण विल्फच आधी बोलला, ताटावरून नजर न उचलता. "सोड असं मी म्हणालो, पोरी. आणि चिंधी तुझ्या हातात मीच दिली. हे माझ्या माथ्यावर, तुझ्या नाही. आईने नको म्हणून सांगितलं होतं मला."

डोरीनने मान हलवली. पटलं की नाही, एडीला कळलं नाही. पुढे कित्येक वर्षं कळलं नाही. पोर मोठी झाली, न्यूकॅसलला नर्स झाली, तरी रस्ता ओलांडताना दुसऱ्याचा हात इतका घट्ट धरायची की तिची बोटं पांढरी पडायची. विल्फने पुन्हा व्हिपेट पाळली नाही. मॉस मात्र म्हातारा झाला, आणि वाफ्यांपाशी त्याला बघून कोणी हसलं नाही.

त्या रविवारी संध्याकाळी चुलीपुढच्या टबात एडी डोरीनला अंघोळ घालत होती. पोरीचा उजवा हात मिटलेलाच. साबण लावू देईना. एडीने एकेक बोट सोडवलं. तळव्यावर मॉसच्या मानेचे केस होते, घामाने चिकटलेले, मूठभर. एडी ते चुलीत टाकायला निघाली आणि थबकली. मग टेबलापाशी गेली, सकाळपासून न धुतलेल्या विल्फच्या कपात ते ठेवले. विल्फ तेव्हा घरातच होता, समोरच्या खुर्चीत. तो परत आला की धुवायचा तो कप तिने त्या रात्री धुतलाच नाही.