परब काकू आणि काकांचा स्कोअर

कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी परब काकू हातातल्या बांगड्या काढून शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे द्यायच्या. "धर रे. करंट कोणाक ओळखणा नाय." टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, दुरुस्त करण्यात नोकरी काढलेली बाई. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कुणाची दारावरची बेल बिघडली, तरी पहिली हाक काकूंना जायची.

क्लबरूममध्ये एक जुनं पिनबॉल मशीन होतं. घाटकोपरचं एक गेम पार्लर बंद झालं, तेव्हा परब काकांनी ते हौसेनं आणलं होतं. एका संध्याकाळी ऐन रंगात आलेल्या डावात चेंडू उडवणारा डावा दांडा, म्हणजे फ्लिपर, लुळा पडला. "उद्या बघूया," म्हणत काका घरी गेले आणि त्या रात्री झोपेतच वारले. त्यांचा स्कोअर आकड्यांच्या चाकांवर तसाच राहिला. नवा डाव सुरू केला की चाकं शून्यावर येतात, म्हणून कुणी बटणाला हात लावेना. खुद्द काकूही फक्त काच पुसून जायच्या.

मग कमिटीला मशीनच्या जागी टेबल टेनिसची हुक्की आली. सेक्रेटरी म्हणाले, "काकू, रविवारपर्यंत चालू झालं तर ठीक, नाहीतर भंगारवाला येईल."

शनिवारी दुपारी बांगड्या माझ्या हातात आल्या. काकूंनी प्लग काढला, खेळाची फळी उचलली आणि फ्लिपरखाली डोकावून हसल्या. स्विचच्या दोन पट्ट्यांमध्ये काजळी धरली होती. "ह्यो पट्ट्यो टेकल्याशिवाय फ्लिपराक जोर येवचो नाय." नखांच्या कानशीनं त्यांनी काजळी घासली, पट्टी जराशी वाकवली, फळी खाली केली आणि प्लग परत लावला.

आता तपासायचं, तर डाव सुरू करायला हवा. मी चाचरत म्हटलं, "काकू, आधी स्कोअरचा फोटो काढू?"

"काढ. पण त्याका हार घालू नको हां."

काकूंनी बटणावर बोट ठेवलं. मग त्या काचेकडे बघून म्हणाल्या, "उद्या बघूया म्हणालेले ना? झाला उद्या!"

चाकं खडखडत शून्यावर आली. डावा फ्लिपर झकास उडाला. काकूंनी डोळे पुसले आणि तेवढ्यात चेंडू गमावला. "वाट लागली मेल्याची!"

काकू गेल्या वर्षी गेल्या. चाकांवर त्यांचा शेवटचा स्कोअर होता. परवा मी मशीनपाशी गेलो, तर सेक्रेटरी धावत आले. "अहो, राहू द्या ना. काकूंचा स्कोअर आहे तो."

माझाही हात अडखळला, खोटं कशाला बोलू? काकूंची फार आठवण आली.

"झाला उद्या," मी म्हटलं आणि बटण दाबलं.