नावातली शेवटची तीन अक्षरं

मुलांनो, गेल्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, पणजीचा आवाज अजून आहे का. मी "आहे" म्हणाले आणि घाईने विषय बदलला. ते पूर्ण खरं नव्हतं. रेकॉर्डिंग तुमच्याकडे पोचायच्या आधी त्यात काय नाही आणि ते कोणामुळे नाही, हे तुम्हाला कळायला हवं, म्हणून आज लिहायला बसले.

पणजी नव्वदीकडे झुकली तेव्हा तुमच्या आजोबांनी खिशात मावेल एवढा रेकॉर्डर आणला. कापड रंगवायचं आणि त्यावर ठसे उठवायचं काम आपल्या घरात तिच्या पिढीबरोबरच थांबलं. ते ती सांगायची, आपल्या म्हैसूरच्या मराठीत, निम्मं कन्नड घालून. अशी अकरा रेकॉर्डिंग झाली. आजोबांनी ती कंप्युटरवर उतरवून रेकॉर्डर रिकामा केला, आणि कशात काय आहे ते मी वहीत लिहून ठेवलं. ती गेल्यावर मात्र आम्हा दोघांनाही ऐकवेना.

पुढे एकदा मी कंप्युटर आवरायला घेतला. प्रत्येक फायलीच्या नावाशेवटी एक टिंब आणि तीन अक्षरं होती, सगळीकडे तीच. मला ती फालतू वाटली. ती खोडून मी नुसते विषय ठेवले. फाईल निकामी होऊ शकते, चालेल का, असं कंप्युटर दर वेळी विचारत होता. अकराही वेळा मी 'यस' दाबलं. शाळेत जन्मभर "आधी प्रश्न नीट वाचा" सांगत आलेली मी.

यंदा पणजीच्या श्राद्धाच्या दिवशी, जेवणं झाल्यावर आजोबा म्हणाले, "लाव गं एक."

लागेना. कशात उघडू, असं कंप्युटरने विचारलं. मी पत्रं ज्यात लिहिते ते निवडलं. पानभर चौकोन आणि खुणा आल्या. बंद करताना त्याने 'सेव्ह करू का' विचारलं, मी केलं. दुसऱ्या फायलीचंही तेच. तिसरीला आजोबांनी माझा हात धरला.

"साकू. पुरे आता. आवरलंस तू, आणि गप्प झाली माझी आई."

"अहो, मग तुम्ही एक प्रत दुसरीकडे ठेवायची होतीत."

"आई कधी दुसरीकडे राहिली होती काय?"

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या फायलींच्या प्रती पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि फक्त प्रतींना हात लावायचा असं ठरवलं. ती तीन अक्षरं काही आठवेनात. अंदाजाने दोन-तीन घालून पाहिली, उपयोग झाला नाही. मग आजोबांनी कपाटातून तोच रेकॉर्डर काढला, नवे सेल घातले आणि तोंडाशी धरून म्हणाले, "हॅलो, इथे एक मास्तरीण बसली आहे. तिला तीन अक्षरं येत नाहीत." ते कंप्युटरवर उतरवलं तर नावाशेवटी अक्षरं होतीच. मी ती एका प्रतीला जोडली.

आधी भांड्यांचा आवाज आला. मग पणजी बोलली, "सुम्ने, उगाच काय धरून बसलास रे ते तोंडापुढं? कॉफी निवली बघ."

"घेतो, आई," शेजारी बसलेले आजोबा म्हणाले.

मी सेव्ह केलेल्या दोन फायली अक्षरं जोडूनही उघडल्या नाहीत. इथल्या विजयनगर भागातल्या कंप्युटर दुरुस्तीवाल्यानेही दोन दिवस ठेवून परत दिल्या. वहीप्रमाणे एकीत पणजीच्या लग्नाची हकिगत होती. दुसरीत, रंग चढवण्याआधी कापड हिरड्याच्या पाण्यात कसं भिजवायचं ते होतं. आजोबांना त्यातलं थोडं आठवतं, पण हिरडा किती आणि पाणी किती, ते नाही. नात्यातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं. स्वतःच्या हाताने ते केलेलं आता कोणी नाही.

नऊ फायली उघडतात. त्यांत ठसे धुऊन ठेवायची रीत आहे, लाल रंगाची कृती आहे, भावंडांची भांडणं आहेत, आणि तुमच्या बाबांना झोपवताना ती म्हणायची ती दोन कन्नड गाणी पूर्ण आहेत.