उसन्या भांड्यांचं घर

मी केस मॅनेजर आहे म्हटलं की आमच्या गल्लीतल्या लोकांना वाटतं, ही वकिलाकडे कामाला असणार. खाली कापडाचे लूम चालवणाऱ्या चाचांनी तर एकदा जागेच्या भांडणाचे कागद आणून माझ्या हातात ठेवले. "मॅडम, जरा देख लो." आता त्यांना काय सांगणार? आईबाप नसलेली, हरवलेली मुलं बालगृहात येतात. त्यांचं पुढे काय करायचं ते बालकल्याण समिती ठरवते. समितीला ठरवता यावं म्हणून घरोघर फिरून माहिती काढायची आणि फाइल तयार करायची, हे माझं काम. पायपीट भरपूर आणि माझा स्वभाव तापट, त्यामुळे घरी आल्यावर माझ्याशी तासभर कोणी बोलत नाही.

ती मुलगी आठ वर्षांची होती. आई शेलार गावाच्या बाजूला एका गोदामात कामाला होती, ती आजारपणात गेली. बाप त्याआधीच कुठे निघून गेला होता. मुलगी बालगृहात आली ती एक पिशवी छातीशी धरून. पण आमचं बालगृह तात्पुरतं. नातेवाईक मिळाले नाहीत तर तिची रवानगी दुसऱ्या जिल्ह्यातल्या मोठ्या संस्थेत होणार होती. तिकडे गेलेलं मूल बहुतेक वेळा मोठं होईपर्यंत तिकडेच राहतं, हे मी पाहिलेलं आहे. मी भेटायला गेले की ती माझा हात धरायची आणि निघेपर्यंत सोडायची नाही. एका हाताने फॉर्म भरायची मला सवयच झाली होती.

चार महिन्यांनी मावशी उगवली. पडघ्याच्या पुढे डोंगरालगत आदिवासी पाडा आहे, तिथली. बहीण गेल्याचं तिला फार उशिरा कळलं होतं. नवराबायको दोघं मजुरीला जाणारी, थोडी भातशेती, स्वतःचं मूल नाही. "आमची पोर हाय, आमाला द्या," एवढंच बोलून दोघं सकाळपासून आमच्या बाकावर बसून राहिली. मला बाई आवडली, पण माझ्या आवडीला फॉर्ममध्ये रकाना नाही. घर पाहून अहवाल दिल्याशिवाय समिती मूल सोपवत नाही आणि बैठक तर गुरुवारी होती. मी म्हटलं, "मंगळवारी घर बघायला येते. काही तयारी करू नका हं." दोघांनी माना डोलावल्या.

मंगळवारी पडघ्यापर्यंत टेम्पोने गेले आणि पुढे चालत. घर कारवीच्या कुडाचं, ताजं सारवलेलं. आत पाऊल टाकलं आणि बघतच राहिले. फळीवर स्टीलच्या भांड्यांची चकचकीत रांग, पितळी कळशा, लोखंडी कॉट, त्यावर फुलाफुलांची चादर. कोपऱ्यात टेबलफॅन, पण त्याची वायर खोचायला भिंतीवर काही नव्हतंच. मी खूश होऊन 'घरातील वस्तू' हा रकाना भराभर भरायला घेतला. तेवढ्यात मावशीने पाणी दिलं. तांब्यावर एका बाईचं नाव कोरलेलं होतं. म्हटलं, असेल सासूचं. चहा आला, कपबशीखालच्या ताटलीवर दुसरंच नाव आणि दुसरंच आडनाव. मग मी उठले आणि फळीवरची भांडी एकेक उचलून वाचायला लागले. कुणाच्या लग्नात मामाने दिलेलं पातेलं, कुणाच्या बारशाचा डबा. सात घरांची नावं झाली. मावशीचं नाव एकावरही नव्हतं.

माझं डोकं असं फिरलं म्हणता! बजावून सांगितलं होतं ना, तयारी करू नका? आता मी लिहू काय? भरलेलं घर लिहावं, तर पुढच्या तपासणीला दुसरं कोणी येईल, रिकामं घर बघेल आणि फसवलं म्हणून मुलगी काढून नेईल. दिशाभूल केली असं खरं लिहावं, तर गुरुवारीच सगळं संपलं. मी मावशीला विचारलं, "ही कोणाची भांडी?" ती खाली बघत पदराशी चाळा करायला लागली. एवढ्यात दारातून शेजारीण आत डोकावली आणि म्हणाली, "माजं पातेलं दे गं, भात टाकायचा हाय. झालं ना बघून?"

मला हसू येत होतं आणि संतापही. मी म्हटलं, "अहो, खोटं कशाला दाखवायचं?"

मावशीने पहिल्यांदा वर पाहिलं. "खोटं न्हाय, म्याडम. पोरीकडची मानसं घर बघाया येतात, तवा आमी पाड्यावर असंच करतो. समदे आपापलं आणून मांडतात. पोर ज्या घरात द्यायची, ते घर भरलेलं दिसाया नको?"

माझ्या रूपाने जणू मुलीकडची सोयरीकच आली होती! तरी राग उतरेना. मी फणकाऱ्याने म्हटलं, "मग बोलवा सगळ्यांना. ज्यांची भांडी आहेत त्यांनी इथे येऊन सांगू दे." खरं सांगते, त्या वेळी मला त्या सगळ्यांना शरमिंदं करायचं होतं. दुसरा काही हेतू नव्हता.

सातही घरच्या बाया आल्या. शरमेचं नाव नाही. ओटीवर मांडी घालून बसल्या आणि मी काही विचारायच्या आतच बोलायला लागल्या. एकीने मुलीला तान्हेपणी अंगावर पाजलं होतं, कारण बाळंतपणाला बहिणीकडे आलेल्या आईला ताप होता. एकीची नात तिच्याच वयाची, दोघींनी शाळेत बरोबर जायचं हे ठरूनही गेलेलं. एक अंगणवाडीत मदतनीस होती. शाळेच्या बाईंशी बोलून ठेवलंय म्हणाली. मावशी मजुरीला गेली तर पोर कोणाकडे जेवणार, यावर दोघींचं माझ्यासमोरच भांडण जुंपलं.

'शेजाऱ्यांचे म्हणणे' या रकान्यात मी वर्षानुवर्षं 'समाधानकारक' एवढा एकच शब्द लिहीत आले आहे. त्या दिवशी पिशवीतून कोरे कागद काढून जोडावे लागले. सह्या झाल्या, अंगठे झाले. मग मी म्हटलं, आता आपापली भांडी न्या. बाया भांडी घेऊन गेल्यावर फळीवर उरलं ते लिहिलं: चार ताटं, दोन पातेली, एक हंडा. कॉटही गेली, चटई राहिली. उसनी भांडी का मांडली होती तेही लिहिलं. परतीच्या वाटेवर आपण हे लिहायला नको होतं असं शंभरदा वाटलं.

गुरुवारी समितीतल्या बाईंनी अहवाल वाचायला घेतला. त्यांनी पहिलं पान वाचून विचारलं, "घरात एवढंच सामान?" मी म्हटलं, "हो." त्या पुढची पानं उलटत राहिल्या, मध्ये एकदा चष्मा काढून पुसला. मग शेजारच्या सदस्यांकडे कागद सरकवत म्हणाल्या, "एवढी माणसं असतील तर सामान होईल हळूहळू." मुलगी मावशीला द्यायचा आदेश झाला. बाहेर येऊन मी पायरीवर बसले आणि चक्क रडले. चार महिन्यांचं ओझं उतरलं होतं. मावशीचा नवरा शेजारी उभा राहून नुसता डोकं खाजवत होता.

महिन्याभराने पाठपुराव्याची भेट होती. या खेपेला मी न कळवता गेले. ओटीवर मुलगी दुसऱ्या एका पोरीबरोबर चिंचोके खेळत होती. तिने मान वर केली. मी हात पुढे केला. ती ताडकन उठली, आत पळाली आणि आतून कडी लावली.

"अगं, म्याडम हायेत," मावशी ओशाळून दार वाजवायला लागली. "उगड की."

आतून आवाज आला, "मी न्हाय जानार. त्यांना सांग, मी हितंच ऱ्हानार."

मावशीला मी थांबवलं. इतकं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. दाराशी वाकून म्हटलं, "नको येऊस हं बाळा." मग ओटीवर बसून अहवाल काढला आणि लिहिलं: मुलीने भेटण्यास नकार दिला. घरात रुळली आहे.