हिरवळीवरची आंघोळ

श्यामकांत पेठे अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर होते आणि निवृत्त झाल्यावरही ते सेफ्टी ऑफिसरच राहिले. स्वतःच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना त्यांनी भटजींना विचारलं होतं, "होमाजवळ वाळूची बादली ठेवलीय ना?" सिग्नल लाल असला की ते रिकाम्या रस्त्यावरही थांबत, तेही पायी चालताना.

अंबरनाथ पूर्वेला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांचा तळमजल्याचा फ्लॅट होता आणि फ्लॅटपुढे हिरवळ. चार चटया अंथरता येतील एवढीच, पण तिचे लाड नातवासारखे चालत.

यंदा ऐन एप्रिलात पालिकेचा नियम आला. पावसाळ्यापर्यंत बागेला, अंगणाला, गाडीला पाणी घालायचं नाही. घातलं तर नळ तोडू. सोसायटीतले लोक भल्या पहाटे गुपचूप पाइप सोडू लागले. श्यामकांतरावांना ते जमणारं नव्हतं. ते खुर्ची टाकून बसले आणि हिरवळ पिवळी पडताना पाहू लागले. जेवणावरची वासनाच उडाली.

"अहो, घाला की बादलीभर. कोण बघतंय?" मालिनीताई म्हणाल्या.

"मी बघतोय ना."

पण गेटवर लावलेली नोटीस पुन्हा पुन्हा वाचताना एकदा त्यांचा चेहरा उजळला. "मालू, यात आंघोळीबद्दल काहीच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचा नेसून, बादली, तांब्या आणि स्टूल घेऊन ते हिरवळीवर बसले आणि स्तोत्र म्हणत आंघोळ करू लागले. रोज स्टूल थोडं सरकवायचं, म्हणजे कुठलाच कोपरा कोरडा राहायचा नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरी यशोधराबाई गॅलरीतून म्हणाल्या, "पेठेसाहेब, घरात बाथरूम आहे ना?"

"आहे. पण तिथे गवत नाही."

सोमवारी खरवई गावच्या विठाबाई पाण्याचा तांब्या घेऊन शिवमंदिरात दर्शनाला चालल्या होत्या. कुंपणापलीकडे उघड्या अंगाचा म्हातारा, डोळे घट्ट मिटलेले, तोंडाने स्तोत्र. डोळ्यांत साबण गेला होता, हे त्यांना कुठून कळणार? त्यांनी चपला काढल्या, आत आल्या आणि देवासाठी आणलेला तांब्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर रिता केला.

"बाबा, माजं गुडगं लय दुखतान."

श्यामकांतरावांनी टॉवेल मागायला हात वर केला. विठाबाईंनी तो आशीर्वाद समजून घेतला.

पुढच्या सोमवारी त्या मैत्रिणींना घेऊन आल्या. गुडघ्यांना म्हणे उतार होता. मग रोजच बायका येऊ लागल्या, रांगेने तांब्ये रिते होऊ लागले.

"अहो, मी फक्त आंघोळ करतोय," श्यामकांतराव कळवळून सांगत.

"किती साधे आहेत बाबा," बायका एकमेकींना म्हणत.

हिरवळ तरारली. श्यामकांतरावांना मात्र सर्दी झाली. तरी ते मनातून सुखावले होते. नोकरीत उभ्या जन्मात कुणी त्यांना इतकं मानलं नव्हतं.

शेवटी पालिकेचा जितेश आला. "काका, कंप्लेंट आहे. गार्डनला पाणी चालू आहे बोलतात."

"गार्डनला नाही. मला."

जितेशने डोकं खाजवलं आणि साहेबांना फोन लावला. "सर, माणसाला पाणी घालायला बंदी आहे काय?... नाय सर, आंघोळच आहे... हां, साबण पण आहे." फोन ठेवून तो म्हणाला, "आंघोळ चालेल, काका. पण ही बायकांची लाइन रोडवर येते. ट्राफिकला अडथळा करायचा नाय, असा रूल आहे."

रूल म्हटल्याबरोबर श्यामकांतराव ओल्या पंच्यानिशी ताठ उभे राहिले. "चूक झाली," ते म्हणाले. त्यांनी स्टूल उचललं आणि घरात गेले.

महिन्याभरात हिरवळीची माती झाली. त्यांना वाईट वाटलं, पण मालिनीताईंनी फार वेळ वाटू दिलं नाही. त्यांनी तिथे साड्या अंथरून कुरडया घातल्या आणि कावळे हाकायला नवऱ्याला बसवलं. ते हातात छत्री घेऊन ड्यूटीवर असताना विठाबाई कुंपणापाशी थांबल्या.

"बाबा, आज आंगोल नाय?"

"घरात केली."

विठाबाई हिरमुसल्या. श्यामकांतरावांना राहवेना. त्यांनी एक वाळलेली कुरडई उचलून त्यांच्या हातावर ठेवली. "तळून खा," ते म्हणाले. "आणि तेल तापलं की कढईपासून जरा लांब उभ्या राहा."

विठाबाईंनी कुरडई कपाळाला लावली, पदराच्या टोकात बांधली आणि लंगडत देवळाकडे निघाल्या.