झोपलेलं पाणी

चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात अल्ट्रासॉनिक सेन्सर बनतात. माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडायचा आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून समोर काय आहे, किती लांब आहे ते सांगायचं. असल्या मुक्या आवाजात दिवस काढणारी माणसं चहाला जमली की तोंडं थांबत नाहीत. म्हणून किस्से साचतात.

*

सत्तारभाई सेन्सरच्या तोंडावर रबर चढवतात. एकदा त्यांच्या अम्मी डबा घेऊन आल्या.

"क्या बनाते तुम लोगां?"

"आवाज, अम्मी."

अम्मींनी कान दिला. "सुनाई तो नई देता."

"किसीकूच नई देता."

"फिर पगार कायकू देते?" अम्मींनी थेट आमच्या मालकांना, साळवे सरांना विचारलं.

"अम्मी, बँकवाले पण हेच विचारतात," सर म्हणाले.

*

लासूर स्टेशनच्या डाळमिलमधून तक्रार आली की कोठी रिकामी आहे आणि सेन्सर भरलेली दाखवतोय. सर शिडीवर चढले. सेन्सरच्या पुढ्यात पारव्याची मादी अंड्यांवर बसली होती.

"खोटं नाय बोलत तो. समोर हाय ना कोणीतरी," सर खाली येत म्हणाले.

"मग दाळ कधी भरू?" मिलवाल्यानं विचारलं.

"पिल्लं उडाली की."

*

चाचणीसाठी आमच्याकडे खोलीएवढा हौद आहे. पाणी भरलं की बरेच दिवस तसंच ठेवायचं, म्हणजे बुडबुडे निघून जातात. बुडबुडे असले की प्रतिध्वनी विस्कटतो. नळ कधी येईल याचा भरवसा नसलेल्या शहरात एवढं पाणी नुसतं उभं! एका उन्हाळ्यात मी त्यात हात धुवायला गेलो.

"हात नाय घालायचा. पाणी झोपलंय," सर लांबूनच म्हणाले.

*

नौदलाचा सेन्सर करण्यात आमची वर्षं गेली होती. तपासणीत तो नापास झाला तर कारखाना बंद होणार, हे सरांनी सगळ्यांना बसवून सांगितलं होतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी अम्मी गेल्या. गुलमंडीमागच्या त्यांच्या गल्लीत नळ आला नव्हता, टँकरही संध्याकाळच्या आधी मिळेना. मयताला आंघोळ घालायला पाणी नव्हतं. सरांनी हौदाचा व्हॉल्व्ह उघडला.

"सर, उद्या तपासणी आहे," मी म्हणालो.

"ठाऊक हाय. ड्रम आण."

संध्याकाळी उरलेल्या पाण्यावरच विकतच्या टँकरनं हौद पुन्हा भरला. सकाळी नौदलाचे अधिकारी आले, सेन्सर हौदात सोडला, तर पडद्यावरची प्रतिध्वनीची रेघ नुसती थरथरत होती.

"पानी कब भरा?"

"काल," सर म्हणाले, आणि का ते सांगितलं.

तेवढ्यात दारात सत्तारभाई दिसले. त्यांना कुणीच बोलावलं नव्हतं.

"सर, सेन्सर के मुंह पे बुलबुले चिपके रहेंगे. पोंछ देतू."

सर हौदापासून बाजूला झाले. मग म्हणाले, "घाला हात."

सत्तारभाईंनी बाही वर केली आणि पाण्यात हात घालून अंगठ्यानं सेन्सरचं तोंड हळूहळू पुसलं. रेघ स्थिर झाली. आता हात काढायचा आणि चाचणी सुरू करायची.

सत्तारभाई हात काढेनात. अम्मींची आंघोळ याच पाण्यानं झाली होती.

मी सरांकडे पाहिलं. सर पाण्याकडे पाहत होते. अधिकाऱ्यांनी बटणावरचं बोट उचललं आणि खुर्ची ओढून बसले.

"रहने दीजिए," ते म्हणाले. "हम रुकते हैं."