पालकांनी बाहेर थांबा

निघाले त्या सकाळी आमच्या दारात सगळं उलटंच चाललं होतं. मुलं शिकायला बाहेरगावी निघाली की आईनं त्यांच्या हातावर दही-साखर ठेवायची. आमच्याकडे दहावी झालेली ईशा वाटी घेऊन उभी होती आणि मी, तिची आई, चाळिशी उलटल्यावर ग्लासगोला शिकायला चालले होते. माझा नवरा शरद बॅगेचं वजन पुन्हा पुन्हा करत होता, कारण रडू लपवायला त्याला दुसरं काम सापडत नव्हतं. सासूबाई तेवढ्या शांत. “रडायचं आसंल तर गाडीत बसल्यावर रड,” त्या म्हणाल्या. “शेजारच्यांना फुकटचा तमाशा नको.”

मी नाशिकच्या एका इस्पितळात सिस्टर होते. वॉर्डात माझा दरारा असा, की पेशंटचे नातेवाईकही चपला काढूनच आत यायचे. पण सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा, औषधं वेळेवर देणं आणि कूस बदलून देणं यापलीकडे म्हाताऱ्या माणसासाठी काय करायचं, ते मला कळेना. ते गेले, पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. वृद्धांच्या शुश्रूषेतली मास्टर्स डिग्री असते हे पुढे कळलं, अर्ज केला आणि चक्क शिष्यवृत्तीसकट प्रवेश मिळाला! राहिला होता व्हिसा. कॉलेज रोडवरचा सल्लागार माझं वय बघून गोड हसला. “मॅडम, एवढा गॅप बघून नाकारतील हो. त्यापेक्षा दोन वर्षांनी मुलीचं बघू या ना.” असा राग आला, की फाइल उचलून मी तडक घरी आले आणि अर्ज स्वतःच भरला.

व्हिसाची मुलाखत मुंबईला. शरदला रजा नव्हती. ईशाला सुट्टी म्हणून ती आली आणि सासूबाई हट्टानं आल्या. इगतपुरीला चहा घेतला, तेव्हाही मी उत्तरंच घोकत होते. नकार मिळाला असता तर पुन्हा अर्ज करायची हिंमत माझ्यात उरली नसती, हे मला पक्कं ठाऊक होतं. व्हिसा केंद्राच्या फाटकाशी रांगेत सगळी विशीतली पोरं, शेजारी त्यांचे आईबाप. वॉचमननं ईशाकडे बघितलं, मग माझ्याकडे. “स्टुडंट आत. पालकांनी बाहेर थांबा.”

आणि मी काय करावं? मुकाट्यानं ईशाच्या हातात फाइल दिली आणि बाजूला झाले. सवयच तशी. ईशा “आई, अगं!” म्हणून ओरडली, तोवर सासूबाई पदर खोचून पुढे झाल्या होत्या. “आवं दादा, नात नाय, सून चाललीय शिकायला. पालक मी हाय तिची. मी थांबते बाहेर.”

रांगेतली पोरं वळून बघायला लागली. त्यातला एक जण म्हणाला, “ऑल द बेस्ट, काकू!” वॉचमन ओशाळून हसला. मी फाइल परत घेतली आणि ताठ मानेनं आत गेले.

आत मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, इतक्या उशिरा का? मुलीकडे कोण बघणार? घाट उतरेपर्यंत घोकलेली उत्तरं साफ विसरले. सासऱ्यांचं सगळं खरं खरं सांगितलं. मुलीकडे कोण बघणार, तर माझ्या सासूबाई. बाहेर उन्हात उभ्या आहेत, हवं तर बोलावते, असंही म्हणाले. बाई हसल्या. बाहेर आल्यावर सासूबाईंनी विचारलं, “नीट बोललीस ना?” म्हटलं, “हो.” “मग झालं.” काही दिवसांनी व्हिसा आला.

आता ग्लासगोत असाइनमेंट, लायब्ररी, मायक्रोवेव्हमधले पोहे. ईशापेक्षा थोड्याच मोठ्या मुली मला नावानं हाक मारतात आणि मला ते आवडतं. मुलीच्या कॉलेजच्या पहिल्याच वर्षी मी तिच्याजवळ नाही, हे टोचतं. टोचणारच. पूर्वी घर म्हणजे मला माझ्यावाचून अडणारी जागा वाटायची, आणि त्याचा केवढा तोरा होता! आता तिथे माझ्यावाचून काही अडत नाही. डबे भरतात, गॅस वेळेवर येतो, ईशाचे केस शरद विंचरतो. हे ऐकून घरच्यांचा असा अभिमान वाटतो, की डोळे भरून येतात. तुमच्यापैकी जिला निघायचंय आणि जी घर कसं चालेल म्हणून थांबलीय, तिच्यासाठी हे लिहिलं.

परवा ईशानं फोनवर सांगितलं. सोसायटीतल्या एका बाईंनी जिन्यात आजीला गाठलं आणि विचारलं, “सून पोरीला तुमच्या गळ्यात टाकून गेली म्हणे?”

सासूबाईंनी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, “गेली नाय. म्या धाडलीय तिला.”